यंत्र गावात, कर राजधानीत

व्हिंटन हे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातले आठ हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. गावात रेसकोर्स नाही. राज्यातला मुख्य रेसकोर्स ‘कलोनियल डाउन्स’ न्यू केंट काउंटीत, रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही २०१९ पासून व्हिंटनमध्ये घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावता येतात. त्यासाठी घोडा लागत नाही, जॉकी लागत नाही, शर्यतीचा दिवसही लागत नाही. एक यंत्र आणि त्यासमोर बसणारा माणूस एवढेच पुरते. या यंत्रांवर कर आहे आणि त्या करातला एक छोटा वाटा व्हिंटनलाही मिळतो. मात्र तो किती असावा आणि कशावर मोजावा, हे ठरवण्याचा अधिकार व्हिंटनकडे नाही. शिवाय कायद्याच्या रचनेप्रमाणे गावाला जेवढे मिळते, तेवढेच दूरच्या न्यू केंट काउंटीलाही मिळते. कारण रेसकोर्स तिथे आहे.

हे उदाहरण छोटे असले, तरी त्यातला प्रश्न छोटा नाही. पैजेच्या यंत्रावर कर किती, यावर सगळीकडे वाद होतात. तो कर कशावर मोजायचा, त्याचा ठराव कोणी करायचा आणि ज्यांच्या वस्तीत यंत्र बसते त्यांच्या पदरात काय पडायचे, हे प्रश्न मात्र मागे राहतात. अमेरिकेतल्या राज्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत त्यांची वेगवेगळी उत्तरे देऊन पाहिली आहेत. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरील टोट, म्हणजे सगळ्या पैजा एका निधीत जमा करण्याची पद्धत, आणि त्यावरचा वस्तू व सेवा कर यांचा विचार करताना ती उत्तरे तपासण्याजोगी आहेत.

आधी यंत्राविषयी. अमेरिकेत याला ‘हिस्टॉरिकल हॉर्स रेसिंग’ म्हणतात, म्हणजे होऊन गेलेल्या शर्यतींवरची पैज. अर्कान्सास राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज शहरातील ‘ओकलॉन’ रेसकोर्सने २००० साली ‘इन्स्टंट रेसिंग’ या नावाने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. यंत्राच्या साठ्यात पूर्वी कुठे ना कुठे धावल्या गेलेल्या हजारो शर्यती असतात. खेळणाऱ्याने पैसे टाकले की त्यातली एक निवडली जाते. रेसकोर्सचे, घोड्यांचे आणि जॉकींचे नाव, तारीख हे सारे झाकलेले असते. हवे असेल तर घोड्यांच्या पूर्वीच्या कामगिरीचे काही आलेख पाहता येतात. त्यावरून पहिला, दुसरा, तिसरा कोण हे निवडायचे. बहुतेक जण तेवढा वेळ घेत नाहीत, निवड यंत्रावरच सोडतात. मग पडद्यावर चेरी, घंटा, नाणी अशी चित्रे गरगर फिरतात आणि काही सेकंदांत निकाल लागतो. खऱ्या शर्यतीचे शेवटचे काही क्षण पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसतात. पाहणाऱ्याला हे यंत्र कॅसिनोतल्या स्लॉट मशिनसारखेच वाटते.

कायद्याच्या लेखी मात्र ते स्लॉट मशिन नाही, आणि कराची सारी रचना याच फरकावर उभी आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जुन्या घटनात्मक तरतुदींनुसार लॉटरी आणि जुगाराला मनाई आहे. घोड्यांच्या शर्यतीवरील ‘पॅरी-म्युच्युअल’ पैज, म्हणजे आपल्याकडच्या टोटसारखी पद्धत, तेवढी चालते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी ती रूढ केली. सगळ्यांचे पैसे एका निधीत जमा करायचे, त्यातून ठरलेली कपात काढायची आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटायची. इथे रेसकोर्स पैज लावणाऱ्याविरुद्ध खेळत नाही, तो फक्त निधी सांभाळतो. त्यामुळे नवीन यंत्रांनाही ‘ही टोटच आहे’ असे म्हणून परवाने देण्यात आले.

न्यायालयांना हा युक्तिवाद सहज पटला नाही. वायोमिंगच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही यंत्रे राज्याच्या टोटच्या व्याख्येत बसत नाहीत असा निकाल दिला. तिथे ती २०१३ मध्ये नव्या कायद्याने परत आली. केंटकी हे तर घोड्यांचे माहेरघर. तिथे रेसिंग आयोगाने २०१० मध्ये नियम केले, २०११ मध्ये ‘केंटकी डाउन्स’वर यंत्रे सुरू झाली आणि दहा वर्षे खटला चालला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, समोर आलेली यंत्रप्रणाली पॅरी-म्युच्युअल नाही असे एकमताने सांगितले, कारण खेळणारे एकाच शर्यतीच्या एकाच निधीत परस्परांविरुद्ध पैसे लावत नव्हते. पाच महिन्यांत विधिमंडळाने व्याख्याच बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गव्हर्नर अँडी बेशिअर यांनी त्यावर सही केली.

हा इतिहास सांगायचा तो कराचा पाया समजण्यासाठी. टोटवरचा कर परंपरेने एकूण उलाढालीवर मोजला जातो. उलाढाल म्हणजे लावलेल्या सगळ्या पैजांची बेरीज. जिंकणाऱ्यांना परत गेलेले पैसेही त्यात आले. त्यामुळे दर दिसायला अगदी कमी असतो, एक-दीड टक्का. कॅसिनोवरचा कर मात्र निव्वळ उत्पन्नावर, म्हणजे बक्षिसे वाटून चालकाच्या हाती उरलेल्या रकमेवर मोजतात आणि त्याचा दर पंधरा-वीस-तीस टक्के असतो. ‘शर्यतीच्या यंत्रावर दीड टक्का, कॅसिनोवर अठरा टक्के’ असे शेजारी-शेजारी छापले, की एकाला मोकळे रान आणि दुसऱ्याला जाच असे चित्र दिसते. प्रत्यक्ष गणित वेगळे आहे.

ते एकदा मांडून पाहू. समजा यंत्र सरासरीने लावलेल्या पैशांपैकी ९२ टक्के परत करते आणि ८ टक्के ठेवते. एक माणूस १०० डॉलर घेऊन बसला. पहिल्या फेरीत त्याने शंभर लावले, सरासरीने ९२ परत आले. ते पुन्हा लावले, ८४ डॉलर ६४ सेंट आले. असे करत खिसा रिकामा होईपर्यंत तो खेळला, तर त्याने लावलेल्या पैजांची बेरीज १,२५० डॉलर होते. खिशातून गेले शंभर, कागदावर उलाढाल साडेबाराशे. त्यावर दीड टक्का कर म्हणजे १८ डॉलर ७५ सेंट. म्हणजेच उलाढालीवरचा दीड टक्का हा चालकाच्या निव्वळ कमाईवरच्या पावणेएकोणीस टक्क्यांएवढा झाला. कॅसिनोच्या अठरा टक्क्यांच्या तो बरोबरीने आहे.

आता या शंभर डॉलरमधले गावाला किती मिळतात ते पाहू. वायोमिंगमध्ये उलाढालीच्या दीड टक्क्यापैकी एक टक्का स्थानिक संस्थांचा आहे. यंत्रे शहराच्या हद्दीत असतील तर तो शहर आणि काउंटी निम्मा-निम्मा वाटून घेतात. आपल्या उदाहरणात हे साडेबारा डॉलर झाले. व्हर्जिनियात रेसकोर्सबाहेरच्या केंद्रावर एकूण कर सव्वा टक्क्याच्या आसपास. त्यात यंत्र असलेल्या गावाचा वाटा पाव टक्का, म्हणजे साधारण तीन डॉलर. याच व्हर्जिनियाने २०२० मध्ये निवडक शहरांना कॅसिनोची मुभा दिली, तेव्हा पहिल्या २० कोटी डॉलर निव्वळ उत्पन्नावर १८ टक्के कर लावला आणि त्यातले ६ टक्के यजमान शहराला दिले. शंभर डॉलर गमावले गेले की शहराला सहा. अर्कान्सासमध्ये, जिथे या यंत्राचा जन्म झाला, तिथे २०१८ च्या घटनादुरुस्तीने सरळ कॅसिनोच आले. पहिल्या १५ कोटी डॉलर निव्वळ उत्पन्नावर १३ टक्के आणि त्यापुढे २० टक्के कर, आणि कराच्या रकमेतले साडेएकोणीस टक्के शहराला, आठ टक्के काउंटीला. म्हणजे शंभरामागे साडेतीन ते साडेपाच डॉलर. केंटकीत दीड टक्क्याचा कर राज्याच्या तिजोरीत आणि घोडापैदास, विद्यापीठांतले अश्वविषयक अभ्यासक्रम अशा निधींत जातो. शहरांचा लाभ मुख्यतः नोकरदारांच्या पगारावरील स्थानिक करातून आणि मालमत्ता करातून होतो.

एकाच जातीची यंत्रे आणि एकाच माणसाचे तेच शंभर डॉलर. यंत्र बसते तिथल्या स्थानिक संस्थांचा वाटा मात्र कुठे साडेबारा तर कुठे तीन. हा फरक गावावर पडणाऱ्या भारातून आलेला नाही. वायोमिंगच्या गावात पोलिस चौपट धावतात असे काही नाही. राज्याच्या राजधानीत कायदा होत असताना कोणाचे किती वजन होते, त्याचा तो हिशेब आहे. व्हर्जिनियाचा कायदा २०१८ मध्ये झाला, तो २०१४ पासून बंद पडलेला रेसकोर्स पुन्हा सुरू व्हावा म्हणून. न्यू केंटला दूरच्या यंत्रांतूनही वाटा मिळाला तो त्यामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे शर्यती परत सुरू झाल्या, हेही खरे. घोडापैदास करणाऱ्यांच्या आणि तबेल्यात राबणाऱ्यांच्या दृष्टीने हा कायदा यशस्वी झाला, हे नाकारण्याचे कारण नाही.

उलाढालीवरच्या कराचा आणखी एक दोष क्वचितच बोलला जातो. यंत्र खेळणाऱ्याला जितके अधिक परत देते, तितका चालकावरचा कर वाढतो. आठऐवजी सहा टक्केच ठेवणारे उदार यंत्र घेतले, तर उलाढालीवरचा दीड टक्का निव्वळ कमाईच्या पंचवीस टक्क्यांएवढा होतो; दहा टक्के ठेवणारे कंजूष यंत्र असेल तर पंधराच टक्क्यांएवढा. म्हणजे खेळणाऱ्याच्या खिशात अधिक हात घालणाऱ्या यंत्राला कायदा नकळत सवलत देतो. कराने लोकांचे नुकसान कमी व्हावे अशी अपेक्षा असेल, तर हा पाया उलटा आहे. निव्वळ उत्पन्नावरच्या करात ही खोच नसते. चालकाने जेवढे ठेवले, त्याच्या ठरलेल्या प्रमाणात त्याने द्यायचे, एवढे सरळ गणित राहते. नगरपालिकेच्या हिशेबनिसालाही ते समजते आणि मतदारालाही.

कराच्या जोडीचा दुसरा धागा संमतीचा. बहुतेक ठिकाणी यंत्रांना जागा देण्याआधी स्थानिक होकार लागतो. व्हर्जिनियात तो सार्वमताने मिळतो, वायोमिंगमध्ये स्थानिक संस्थेच्या मंजुरीने. या होकाराची किंमत लुइझियानाला २०२५ मध्ये कळली. तिथे २०२१ च्या कायद्याने रेसकोर्सबाहेरच्या पैज केंद्रांत प्रत्येकी पन्नासपर्यंत यंत्रे बसवण्याची मुभा दिली होती. पॅरिशमधल्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमधल्या, मतदारांचा कौल न घेता जुगाराचा नवा प्रकार आणता येत नाही, असे म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराच्या मतदारांनी २०२१ आणि २०२३ असा दोनदा कॅसिनोला नकार दिला; दुसऱ्या वेळी तर प्रचारावर पाण्यासारखा पैसा खर्च होऊनही. गावाला नाही म्हणण्याचा अधिकार असतो आणि तो खरोखर वापरला जातो, एवढे यातून दिसते.

पण हो किंवा नाही एवढाच अधिकार हाती असणे हे अपुरे आहे. सार्वमताच्या मतपत्रिकेवर कराचा दर नसतो, वाट्याचे प्रमाण नसते. ते आधीच ठरलेले असते आणि पुढेही बदलू शकते. होकार एकदा दिला की यंत्रे बसतात, इमारत उभी राहते, नोकऱ्या लागतात. त्यानंतर वाटा कमी वाटला म्हणून यंत्रे बंद करा म्हणणे कोणत्याही नगराध्यक्षाला परवडत नाही. समोर बसलेला पक्षही लहान नसतो. कलोनियल डाउन्स आणि व्हर्जिनियातली त्याची यंत्रकेंद्रे २०२२ मध्ये चर्चिल डाउन्स या कंपनीने विकत घेतली. केंटकी डर्बी भरवणारी हीच ती कंपनी. आठ हजार वस्तीचे गाव आणि शेअर बाजारात नोंदलेली कंपनी यांच्या वाटाघाटीत पारडे कुठे झुकणार, हे सांगायला नको.

यावर दुसरी बाजूही आहे आणि ती ऐकली पाहिजे. कर ठरवण्याचा पूर्ण अधिकार गावांकडे दिला, तर शेजारची गावे एकमेकांहून कमी दर लावून यंत्रे आपल्याकडे ओढतील आणि शेवटी कोणालाच काही उरणार नाही. लहान नगरपरिषदेला एखादी कंपनी सहज खिशात घालू शकते. घोडापैदासीचा लाभ राज्यभर पसरलेला असतो, त्यामुळे त्यासाठीचा निधी राज्यानेच जमवणे रास्त. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. त्यांतून निघते ते एवढेच की दर आणि पाया राज्याने ठरवावेत. गावाचा वाटा नगण्य असावा, किंवा तो ठरताना गावाला विचारू नये, हे त्यांतून निघत नाही.

गावाने स्वतःही एका गोष्टीपासून जपायला हवे. अशा पैशाची सवय लागते. पहिल्या वर्षी तो अनपेक्षित लाभ असतो, तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकात त्याची ओळ येते, पाचव्या वर्षी त्यावर पगार चालू लागतात. मग यंत्रावरची गर्दी कमी झाली तर काळजी नगरपालिकेला वाटू लागते. जुगाराच्या आहारी जाणाऱ्यांसाठी मदत केंद्र काढायचे काम ज्या संस्थेकडे, तिचाच पगार त्यांच्या हरण्यावर अवलंबून, असा विचित्र संबंध तयार होतो. त्यातही रेसकोर्सवर लोक लांबून येतात, डर्बीच्या दिवशी तर परगावाहून. कोपऱ्यावरच्या यंत्रकेंद्रात येणारे गिऱ्हाईक बहुधा त्याच परिसरातले असते. त्याने तिथे गमावलेले पैसे एरवी गावातल्याच दुकानात किंवा खाणावळीत गेले असते आणि त्यावर विक्रीकर मिळाला असता. तेव्हा गावाच्या तिजोरीत येणारा प्रत्येक डॉलर नवा असतोच असे नाही. त्यातला काही भाग एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात असली यंत्रे नाहीत आणि ती यावीत असे सुचवण्याचा हेतूही नाही. पण टोट हेही पैजेचे यंत्रच आहे. जॉर्ज ज्युलियस यांनी बनवलेले पहिले स्वयंचलित टोटलायझेटर १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर बसले. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या खिडकीवर मिळणारे विन, प्लेस किंवा जॅकपॉटचे तिकीट त्याच कुळातले. आपल्याकडे रेसकोर्सला परवाना १९१२ च्या कायद्याखाली राज्य सरकार देते. पैजेवरचा कर १९२५ च्या मुंबई पैज कर कायद्यापासून प्रांताच्या, पुढे राज्याच्या हाती होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सांगितले. त्या निकालाने शर्यतीला प्रतिष्ठा दिली, करातून सुटका मात्र दिली नाही.

२०१७ नंतर चित्र पालटले. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ६२ वी नोंद बदलली. पूर्वी त्यात चैन, करमणूक, मनोरंजन, पैज आणि जुगार यांवरचे कर असे सगळे होते. आता पंचायत, नगरपालिका, प्रादेशिक परिषद किंवा जिल्हा परिषद यांनी लावलेले करमणूक आणि मनोरंजन कर तेवढे उरले. म्हणजे घटनेने करमणुकीवर कर लावण्याचा मार्ग स्थानिक संस्थांसाठी मोकळा ठेवला, पण त्यातून पैज काढून घेतली. पैजेचे नियमन ३४ व्या नोंदीने राज्याकडेच राहिले, तिच्यावरचा कर मात्र वस्तू व सेवा करात गेला. त्याचा दर ठरतो जीएसटी परिषदेत, जिथे मुंबई किंवा पुणे महापालिकेला जागा नाही.

तिथे कराचा पाया कसा ठरला, ते पाहण्यासारखे आहे. दर २८ टक्के, आणि २०१८ च्या नियमाने तो टोटमध्ये भरलेल्या पूर्ण रकमेवर. बंगळूर टर्फ क्लबच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये हा नियम रद्द ठरवला: टोट लोकांचे पैसे थोडा वेळ सांभाळते, क्लबचे उत्पन्न म्हणजे फक्त त्याचे कमिशन, तेव्हा कर कमिशनवर असावा, असा त्यातला मुद्दा होता. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातच दुरुस्ती करून पूर्ण रकमेवरील आकारणी पक्की करण्यात आली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्क्यांवर गेला. शंभर रुपयांच्या तिकिटावर चाळीस रुपये कर. जिंकलेले पैसे पुढच्या शर्यतीवर लावले की पुन्हा चाळीस टक्के. गोव्याच्या कॅसिनोत चिपा घेताना एकदा कर भरला की त्याच चिपांनी जिंकलेली रक्कम पुन्हा लावताना नव्याने कर लागत नाही, अशी तरतूद नियमांत आहे. टोटच्या तिकिटाला ती सवलत नाही. मोठ्या रकमेची जीत झाली तर आयकराची ३० टक्के कपात आहेच.

वर मांडलेल्या गणिताच्या उजेडात हे पाहिले तर अमेरिकेच्या नेमके दुसऱ्या टोकाचे चित्र दिसते. तिथे उलाढालीवर दीड टक्का, म्हणजे चालकाच्या कमाईच्या पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर. इथे तोच पाया, पण दर चाळीस. क्लबच्या कमिशनच्या तो कितीतरी पट होतो. एवढा कर अधिकृत तिकिटावर बसला की खेळणारा शर्यत सोडून देत नाही, खिडकी सोडतो. फोनवरचा बेकायदा बुकी कर घेत नाही, पावती देत नाही आणि कोणत्याही तिजोरीत दमडी भरत नाही. दर वाढवून महसूल वाढेल हे गृहीत धरताना गिऱ्हाईक हलू शकते, याचा विसर पडू नये. जुगार रोखण्यासाठीच हा दर असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे आणि बुकींवरची कारवाईही तितक्याच जोराने करावी.

मुंबई महापालिकेला यातून हक्काने काय मिळते? जकात गेल्याबद्दल राज्य शासन तिला नुकसानभरपाई देते, पण तिचा टोटशी संबंध नाही. महालक्ष्मीची जमीन राज्य सरकार आणि महापालिका यांच्या मालकीची. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपल्यानंतर कित्येक वर्षे चाललेला वाद आणि आता १२० एकरांवर होऊ घातलेली मोठी बाग हे सर्वांना ठाऊक आहे. त्या साऱ्या चर्चेत जमिनीचा विचार झाला. तिथे लागणाऱ्या पैजेच्या करातला वाटा शहराला का नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शर्यतीच्या दिवशीची वाहतूक आणि बंदोबस्त यांचा ताण शहर सोसते.

तेव्हा यंत्र अमेरिकेतले असो वा महालक्ष्मीतले, तीन गोष्टी एकत्र ठरायला हव्यात. पहिली, कर चालकाच्या हाती उरलेल्या रकमेवर असावा. उलाढालीवर मोजायचा असेल, तर तो प्रत्यक्षात कमाईच्या किती टक्के पडतो हे दरवर्षी जाहीर व्हावे. असे झाले तर अमेरिकेतला दीड टक्का वाटतो तितका कमी नाही आणि आपला चाळीस टक्के वाटतो त्याहून कितीतरी जड आहे, हे दोन्ही उघड होईल. दुसरी, ज्या गावाची संमती लागते किंवा ज्याच्या हद्दीत हा व्यवहार होतो, त्याचा वाटा कायद्यात लिहिलेला असावा आणि संमती मागतानाच तो मतदारांपुढे ठेवावा. ठरावीक वर्षांनी संमतीचे नूतनीकरण व्हावे, म्हणजे वाटाघाटीत गावाचा हात कायमचा दगडाखाली राहणार नाही. तिसरी, हा पैसा पगार आणि रोजच्या खर्चात मिसळू नये. पाण्याची टाकी, पूल, शाळेची इमारत अशा एकदाच होणाऱ्या कामांवर आणि व्यसनाधीनांच्या उपचारांवर तो खर्च व्हावा, म्हणजे उद्या यंत्र गेले तरी नगरपालिका अडणार नाही.

महाराष्ट्रात यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याची गरज नाही. वस्तू व सेवा करात राज्याला निम्मा वाटा मिळतोच. रेसकोर्सवरच्या पैजेतून आलेल्या त्या रकमेतला ठरावीक भाग संबंधित महापालिकेला देण्याची तरतूद विधिमंडळ करू शकते. रक्कम फार मोठी असेल असे नाही. पण किती जमा झाले आणि त्यातले शहराला किती मिळाले, हे दरवर्षी छापले गेले, तर जीएसटी परिषदेत पुढचा दर ठरताना राज्याच्या प्रतिनिधीला आपली बाजू मांडायला आकडे असतील. आज दराची चर्चा नैतिकतेच्या भाषेत होते, पायाची चर्चा न्यायालयात होते आणि वाट्याची होतच नाही. तिन्ही चर्चा विधिमंडळाच्या एकाच टेबलावर आणणे, हे राज्य सरकारला सहज करता येण्याजोगे काम आहे आणि ते त्याने करावे.